रूबी मायर्स ऊर्फ सुलोचना : मूकपटाकडून बोलपटाकडे



या व्याख्यानाचा विषय फळ्यावर लिहिला गेल्यापासून मला तिघाचौघांनी वाटेत अडवून एकच प्रश्न विचारला. "सुलोचनाबाईंवर बोलणार म्हणे तुम्ही, पण कोणत्या सुलोचनाबाई?" प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्रात सुलोचना म्हटले की एकाला 'वहिनीच्या बांगड्या'मधली सोशिक वहिनी आठवते, आणि दुसऱ्याच्या कानात सुलोचना चव्हाणांची लावणी वाजू लागते. या दोघींविषयी आपल्याला आदर आहे, आणि तो असावाच. पण या दोघींच्याही आधी एक सुलोचना होऊन गेली. चौथ्या दशकाच्या आरंभी हिंदुस्थानात कुठल्याही गावी तंबूच्या दारात उभे राहून हे नाव घेतले असते, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तीच एक उभी राहिली असती. तिचे खरे नाव रूबी मायर्स. आणि आपण ज्या शहरात आज बसलो आहोत, त्याच पुण्यात १९०७ साली तिचा जन्म झाला. आपल्या गावच्या मुलीची ओळख आपल्यालाच करून द्यावी लागते, ही थोडी नवलाची गोष्ट आहे. तेवढ्यासाठीच मी आज उभा आहे.

कँपात लाल विटांचे, उंच मनोऱ्याचे एक मंदिर आपण सर्वांनी पाहिले आहे. लोक त्याला लाल देऊळ म्हणतात. ते देऊळ म्हणजे यहुदी लोकांचे प्रार्थनामंदिर. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून ते १८६७ च्या सुमारास उभे राहिले. ज्यांच्या नावाचे इस्पितळ आपण रोज ओलांडतो, तेच हे ससून. ते बगदादी यहुदी. इथे एक खुलासा करायला हवा. यहुदी म्हटले की कोकणातले बेने इस्राएल आपल्याला आठवतात. घाण्यावर तेल काढणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून 'शनवार तेली' म्हटले गेलेले. त्यांची घरची भाषा मराठीच. बगदादी यहुद्यांचे तसे नव्हते. ते इराककडून, अरबस्तानच्या बाजूने व्यापारासाठी इकडे आले, अरबी बोलत आले, आणि दोन पिढ्यांत इंग्रजी बोलू लागले. रूबी मायर्स या समाजातल्या. म्हणजे जन्म पुण्याचा, पण पुण्याची बोली ही घरची बोली नव्हे. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढची सगळी कथा या एका गोष्टीभोवती फिरणार आहे.

मुलगी मोठी झाली आणि मुंबईत टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरीला लागली. आजच्या तरुणांना ही नोकरी समजावून सांगायला हवी. तेव्हा टेलिफोनवर आकडे फिरवायची सोय सर्वत्र नव्हती. तुम्ही रिसीव्हर उचलायचा, पलीकडून एका स्त्रीचा आवाज 'नंबर प्लीज' म्हणायचा, तुम्ही नंबर सांगायचा, आणि ती समोरच्या फळीवरच्या भोकांत दोरीचे टोक खुपसून तुमची गाठ घालून द्यायची. या कामाला इंग्रजी स्वच्छ बोलणाऱ्या मुली लागत, आणि त्या बहुतेक अँग्लो-इंडियन किंवा यहुदी घरांतून येत. दिवसभर शेकडो लोक तो आवाज ऐकत. चेहरा मात्र कोणी पाहत नसे.

कोहिनूर फिल्म कंपनीचे दिग्दर्शक मोहन भवनानी यांनी तो चेहरा पाहिला, आणि चित्रपटात काम करणार का, असे विचारले. मुलगी नाही म्हणाली. एका बगदादी यहुदी घरातल्या, पगारावर स्वतंत्रपणे जगणाऱ्या मुलीलासुद्धा सिनेमात जाणे कमीपणाचे वाटत होते. यावरून त्या काळी या धंद्याची अब्रू काय होती, याची कल्पना येते. भवनानींनी पिच्छा सोडला नाही. अखेर तिने होकार दिला आणि १९२५ साली 'वीर बाला' या चित्रपटातून ती पडद्यावर आली. नाव बदलले. रूबी मायर्सची सुलोचना झाली. सुंदर डोळ्यांची, ती सुलोचना. मूकपटात जिला डोळ्यांनीच बोलायचे आहे, तिला याहून चांगले नाव कोणते द्यायचे?

आता कुणी म्हणेल, हिंदुस्थानात इतक्या स्त्रिया असताना कंपन्यांना यहुदी आणि अँग्लो-इंडियन मुलींच्या मागे का धावावे लागले? याचे उत्तर आपल्यालाच द्यायचे आहे, कारण दोष आपल्याच घरांचा आहे. दादासाहेब फाळक्यांना १९१३ साली तारामतीच्या कामासाठी एकही स्त्री मिळाली नाही. त्यांनी नको त्या वस्त्यांतही विचारून पाहिले. तिथूनही नकार आला. शेवटी एका हॉटेलात काम करणारा साळुंके नावाचा तरुण तारामती झाला. याच साळुंक्यांनी १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता ही दोन्ही कामे केली. दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी १९१३ सालीच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये काम करून मोठे धैर्य दाखवले. पण त्यांची वाट मळली नाही. सभ्य म्हणवणाऱ्या घरांची दारे पुढची कित्येक वर्षे बंदच राहिली. ती जागा ज्यांनी भरून काढली, त्या बऱ्याचशा अशा होत्या की ज्यांना आपल्या समाजात पक्की जागा नव्हती. रेनी स्मिथ सीतादेवी झाली आणि हिमांशु रॉय यांच्या चित्रपटांतून बुद्धाची गोपा झाली. रूबी मायर्स सुलोचना झाली. आमच्या पुराणांतली आणि इतिहासातली नावे घेऊन आमच्या नायिका म्हणून त्या उभ्या राहिल्या. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले, आणि आपल्या मुलींना मात्र घरात बसवले.

मूकपटाने सुलोचनाबाईंना काय दिले ते पाहा. 'सिनेमा क्वीन', 'टाइपिस्ट गर्ल', 'टेलिफोन नी तरुणी' अशी त्यांच्या पहिल्या दोन वर्षांतल्या चित्रपटांची नावे आहेत. खरी टेलिफोनवाली मुलगी पडद्यावरची टेलिफोनवाली झाली! पौराणिक सती आणि राजकन्या यांच्या गर्दीत ही नोकरी करणारी, स्वतः कमावणारी, रस्त्याने एकटी चालणारी शहरातली मुलगी नवीन होती. ती मुंबईत खरोखर वावरत होती. पडद्यावर ती सुलोचनाबाईंनी आणली.

१९२७ साली भवनानींनीच दिग्दर्शित केलेल्या 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'मध्ये तर त्यांनी एकटीने आठ भूमिका केल्या. माळी, पोलीस, हैदराबादी गृहस्थ, रस्त्यावरचा पोर, गोरी युरोपियन बाई, केळी विकणारी म्हातारी, अशी त्या चित्रपटातल्या वेषांची यादी आहे. तिच्याकडे क्षणभर नीट पाहावे. तिच्यात पुरुष आहेत, बाया आहेत, गरीब आहेत, साहेब लोक आहेत, हिंदू-मुसलमान आहेत. साळुंक्यांनी राम आणि सीता या दोघांना एका देहात आणले, त्याला दहा वर्षे झाली होती. आता एका स्त्रीने सबंध मुंबई एका देहात आणली. हे शक्य झाले, कारण पडदा मुका होता. केळीवालीने कोणत्या भाषेत हाक मारली आणि पोलिसाने कोणत्या भाषेत दटावले, हे विचारायला तिथे कोणी नव्हते. बोलता न येणे ही मूकपटात उणीव ठरतच नव्हती.

त्याच वर्षी रवींद्रनाथांच्या नाटकावरून निघालेल्या 'बलिदान'मध्येही त्यांनी काम केले. मग त्या अर्देशीर इराणी यांच्या इंपीरियल कंपनीच्या आघाडीच्या नटी झाल्या, आणि १९२८-२९ या दोन वर्षांत र. शं. चौधरी यांच्या दिग्दर्शनाखाली 'अनारकली', 'माधुरी' आणि 'इंदिरा बी.ए.' असे तीन चित्रपट एकामागून एक गाजले. 'अनारकली'ची हकीकत सांगण्यासारखी आहे. लाहोरच्या एका कंपनीने हाच विषय घेऊन, सीतादेवींना नायिका करून, मोठ्या थाटाने चित्रपट सुरू केला होता. इंपीरियलने घाईघाईने आपला चित्रपट पुरा करून आधी लावला आणि बाजी मारली. लाहोरकडच्या आणि मुंबईकडच्या दोन्ही अनारकली हिंदुस्थानी नावे घेतलेल्या परक्या घरच्या मुली होत्या, हाही योगायोग ध्यानात घ्यावा. सुलोचनाबाईंची लोकप्रियता एवढी, की महात्मा गांधी खादी प्रदर्शनाचे उद्घाटन करीत असल्याचा एक छोटा चित्रपट दाखवताना त्याला 'माधुरी'मधले त्यांचे नृत्य ध्वनीची जोड देऊन लावले गेले. एका तिकिटात महात्माजी आणि सुलोचना! गिऱ्हाईक ओळखण्यात सिनेमावाले कधीच मागे नव्हते.

मूकपट म्हणजे शांतता, अशी आज आपली समजूत असते. ती चुकीची आहे. पडद्याच्या बाजूला तबला-पेटी असे, मध्येमध्ये दोन-तीन लिप्यांत मजकुराच्या पाट्या येत, आणि ज्याला वाचता येई तो त्या मोठ्याने वाचून शेजाऱ्यांना सांगे. माझी आजी अशा तंबूत सिनेमा पाहिलेली बाई. तिला अक्षरओळख नव्हती, मराठीखेरीज दुसरी भाषा कळत नव्हती. पण मुक्या सिनेमातले आपल्याला सगळे समजत असे, असे ती ठासून सांगायची. पुढे सिनेमा बोलू लागला आणि हिंदीत बोलू लागला, तेव्हा तो आपल्याला कळेनासा झाला, अशी तिची तक्रार होती. आम्ही नातवंडे तिला हसत असू. आज वाटते, बोलपटाविषयी तिच्याइतके नेमके कोणी बोलले नसेल. पडदा बोलू लागला म्हणजे काहींना नव्याने ऐकू आले आणि काही कायमचे बाहेर राहिले.

त्या बदलाकडे वळण्यापूर्वी एका आख्यायिकेचा निकाल लावू. सुलोचनाबाईंना महिना पाच हजार रुपये पगार होता आणि तो मुंबईच्या गव्हर्नरापेक्षा जास्त होता, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. पाच हजारांचा आकडा आपण धरून चालू. त्या काळी तो डोळे दिपवणाराच होता. पण गव्हर्नराचा पगार तपासता येतो. १९३५ च्या कायद्यात मुंबईच्या गव्हर्नराचे वेतन वर्षाला १,२०,००० रुपये लिहिलेले आहे. म्हणजे महिना दहा हजार. तेव्हा गव्हर्नरसाहेबांना काळजीचे कारण नव्हते. मग ही गोष्ट इतकी वर्षे का टिकली? मला असे वाटते की, लोकांना पगारापेक्षा नवल वाटले ते पगार घेणाऱ्या व्यक्तीचे. एक बाई, तीही नटी, तीही कुठल्या राजाच्या किंवा सावकाराच्या आश्रयाला न राहता दरमहा पगार मोजून घेते, स्वतःची शेव्हरोलेट मोटार बाळगते, हे त्या काळाला पचवायला कठीण होते. म्हणून त्याने तिला थेट लाटसाहेबांच्या शेजारी नेऊन बसवले. आकडा खोटा आहे. त्यामागचे आश्चर्य खरे आहे.

आता १४ मार्च १९३१. मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' लागला आणि हिंदुस्थानचा पडदा बोलू लागला. हा चित्रपट काढला तो इंपीरियलनेच. म्हणजे सुलोचनाबाईंच्या स्वतःच्या कंपनीने. कंपनीची सर्वांत मोठी नटी हाताशी असताना नायिका झाल्या झुबेदा. कारण एकच : सुलोचनाबाईंना हिंदुस्थानी बोलता येत नव्हते. ज्या घरात आपण थोरली सून म्हणून मिरवलो, त्याच घरातले पहिले मंगलकार्य दाराबाहेरून पाहावे, तसा हा प्रसंग.

हे संकट त्यांच्या एकट्यावर आले नाही. त्याच 'आलम आरा'चा नायक मास्टर विठ्ठल, आपला मराठी माणूस, तलवारबाजीच्या मूकपटांचा राजा. त्याची हिंदुस्थानी जीभ वळेना, म्हणून त्याला पुष्कळ भागात गुंगीत असलेला दाखवून वेळ मारून नेली, असे सांगतात. सीतादेवींची कारकीर्द तर बोलपट आला तशी संपत गेली. यंत्राची अडचण होती ती वेगळीच. तेव्हा पार्श्वगायन नव्हते; आवाज चित्रणाबरोबरच टिपायचा, माइक कुठे तरी झाडाआड किंवा फर्निचरमागे लपवायचा, आणि नटीने तिथेच, त्या क्षणी, बोलायचे आणि गायचेही. शेजारून आगगाड्या जात म्हणून 'आलम आरा'चे चित्रण रात्री उशिरा होत असे. अशा वेळी चुकलेला उच्चार पुसून टाकायची सोय नव्हती. एका दिवसात धंद्याची कसोटी बदलली. काल जी विद्या पुरेशी होती, ती आज निम्मी झाली.

इथे बहुतेक लोक गोष्ट संपवतात. मूकपटाची राणी, बोलपट आला आणि सिंहासन गेले, असे एका वाक्यात उरकतात. माझे म्हणणे असे आहे की, ही गोष्ट खोटी आहे आणि अन्यायाची आहे. खरे काय घडले ते ऐका.

सुलोचनाबाईंनी काम थांबवले आणि वर्षभर हिंदुस्थानी शिकल्या. तेव्हा त्यांचे वय चोविसाच्या घरात. कीर्ती शिखरावर, पैसा हातात. कुणीही रुसून घरी बसले असते, नाही तर लग्न करून निवृत्त झाले असते. त्या शाळकरी मुलीसारख्या भाषा घेऊन बसल्या. आपल्यापैकी ज्यांनी नोकरीसाठी मोठेपणी परकी भाषा शिकली असेल, त्यांना हे कष्ट ठाऊक आहेत. शब्द पाठ होतात. लकब होत नाही. वाक्य बरोबर येते. राग आला की मात्र जीभ आपल्या घरच्या भाषेकडे धावते. आणि नटीला तर रागावून, रडून, लाजून त्याच परक्या भाषेत बोलायचे असते.

१९३२ साली त्या परत आल्या, आणि कोणता चित्रपट घेऊन आल्या? 'माधुरी'. म्हणजे ज्या मूकपटाने कीर्ती दिली होती, तोच आता बोलपट करून. पुढे १९३४ साली 'इंदिरा एम.ए.', १९३५ साली पुन्हा 'अनारकली', १९३६ साली 'बंबई की बिल्ली'. ही यादी नीट वाचली की एक युक्ती दिसते. त्यांनी आपले मुके चित्रपट एकेक करून बोलते केले. ज्या परीक्षेत नापास केले होते, त्याच प्रश्नपत्रिका पुन्हा मागवून त्या सोडवल्या. मुकी इंदिरा १९२९ साली बी.ए. होती, बोलती इंदिरा पाच वर्षांनी एम.ए. झाली. मधल्या वर्षांत एक पदवी जास्त मिळवली ती पात्राने, असे चित्रपट म्हणतो. मी म्हणतो, ती नटीने मिळवली.

बोलपटातल्या या दुसऱ्या डावात त्यांची आणि दिनशा बिलिमोरिया यांची जोडी सर्वतोमुखी झाली. १९३३ ते १९३९ या काळात त्या दोघांनी एकमेकांबरोबरच कामे केली. त्यांनी स्वतःची रूबी पिक्चर्स ही संस्थाही काढली. चित्रपटांत काम करण्यासाठी ज्या मुलीची मनधरणी करावी लागली होती, ती दहा वर्षांत निर्माती झाली होती. भाषेने त्यांना हरवले असे म्हणणाऱ्यांनी या वर्षांचा हिशेब द्यावा.

मग उतरती कळा आली ती कशाने? माझ्या मते कारणे तीन. पहिले, त्या इंपीरियलच्या आधाराने वाढल्या, आणि १९३८ च्या सुमारास इंपीरियलच बंद पडली. मोठे झाड पडले की वेल उभी राहत नाही. दुसरे, जुन्या चित्रपटांना पुन्हा बोलते करण्याची युक्ती चांगली होती, पण ती संपणारी होती. मूठभर मूकपट बोलते झाल्यावर नवे काय, या प्रश्नाला उत्तर हवे होते. आणि प्रेक्षकांची आवड तोवर बदलली होती. कलकत्त्याचे न्यू थिएटर्स, आपले प्रभात, मुंबईचे बॉम्बे टॉकीज यांनी संत, समाज आणि साहित्य यांच्याशी नाते सांगणारे चित्रपट आणले. तिसरे कारण मात्र आमच्या जिव्हाळ्याचे आहे. आमच्या घरांची दारे उघडली.

१९३२ साली प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'मध्ये दुर्गाबाई खोटे तारामती झाल्या. एकोणीस वर्षांपूर्वी ज्या तारामतीसाठी फाळक्यांना बाई मिळाली नव्हती, तीच तारामती आता एका सुशिक्षित, प्रतिष्ठित मराठी घरातली स्त्री, मराठीत आणि हिंदीत बोलून, उभी करीत होती. दुर्गाबाईंच्या धैर्याला तोड नाही. त्यांनाही कमी ऐकून घ्यावे लागले नाही. येवल्याची अंबू, म्हणजे पुढच्या ललिता पवार, मूकपटातून बोलपटात आली आणि तिची जीभ कुठे अडली नाही. ज्यांची घरची भाषा पडद्याला चालत होती, त्यांचे दिवस आले. हे घडले ते चांगलेच घडले. पण एका गोष्टीची नोंद राहिली. अठरा-एकोणीस वर्षे जो पडदा बदनाम समजला जात होता, त्यावर ज्यांनी आपला चेहरा दिला, त्यांनीच तो पडदा पुढच्या कुलीन स्त्रियांसाठी सोयीचा करून ठेवला. पूल बांधणाऱ्यांनी बांधला. वरून वरात गेली ती दुसऱ्यांची. त्या बांधणाऱ्यांत आपल्या पुण्याची ही मुलगी होती, एवढे तरी आपण विसरू नये.

पुढची वर्षे लहान भूमिकांची. १९४७ च्या 'जुगनू'मध्ये त्या दिसल्या. दिलीपकुमार आणि नूरजहाँ यांच्या त्या चित्रपटावर मुंबई सरकारने बंदी घातली. उतारवयातले प्राध्यापक सुलोचनाबाईंच्या मोहात पडतात, हे त्यात आक्षेपार्ह ठरले, अशी नोंद चित्रपटाच्या इतिहासात आहे. चाळिशीच्या बाईवर कुणी भाळावे, हे कायद्याला सोसले नाही! आणि १९५३ साली पुन्हा 'अनारकली' निघाली. नायिका होती बीना राय. १९२८ ची मुकी अनारकली, १९३५ ची बोलती अनारकली, ती या तिसऱ्या चित्रपटात सलीमची आई झाली. पंचवीस वर्षांत एक स्त्री प्रेयसीची सासू झाली. संसारात हे होतेच, त्यात नवल नाही. पण आपलीच भूमिका दुसरीला देऊन शेजारी आई म्हणून उभे राहायला जी शांती लागते, ती कुठल्या नाट्यशाळेत शिकवत नाहीत.

१९७३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. फाळक्यांना तारामतीसाठी स्त्री मिळाली नव्हती. त्यांच्याच नावाचा सन्मान एका मूकपटाच्या नायिकेला मिळावा, यात एक जुने देणे फिटल्यासारखे झाले. त्यानंतरही १९७८ च्या 'खट्टा मीठा'मध्ये त्या क्षणभर दिसून गेल्या. १९८३ च्या ऑक्टोबरात मुंबईत त्यांचे निधन झाले. योग असा की, त्याच १९८३ सालचा फाळके पुरस्कार दुर्गाबाई खोट्यांना मिळाला.

आता शेवटचा आणि थोडा कडू भाग. मी मघापासून 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'च्या आठ भूमिकांचे कौतुक करतो आहे. त्या मी पाहिलेल्या नाहीत. तुम्हीही पाहणार नाही. सुलोचनाबाईंचे मूकपट जवळजवळ सगळेच नाहीसे झाले. हिंदुस्थानात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले असे धरतात. त्यांतले पुरे किंवा तुटके उरले ते तीसच्या आतबाहेर. ती फिल्म पटकन पेट घेणारी होती, गोदामांना आगी लागल्या; आणि जे आगीतून वाचले, ते वितळवून त्यातली चांदी काढून विकली गेली. बोलपट आल्यावर मुक्या चित्रपटाची किंमत त्यातल्या चांदीइतकीच राहिली. 'आलम आरा'ची प्रतसुद्धा आज उपलब्ध नाही. म्हणजे सुलोचनाबाईंना जिने बाहेर ठेवले, ती पहिली बोलकी वाणीही अखेर मुकीच झाली.

ज्याचे काम पाहताच येत नाही, त्या कलावंताची पारख कशी करायची? गायकाची तबकडी असते, लेखकाचे पुस्तक असते. हिचे काय आहे? चार छायाचित्रे, जाहिराती, आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी. त्याही आता सरल्या. मला वाटते, अशा वेळी तिने काय केले एवढे तरी नीट सांगावे, आणि आख्यायिकांनी ते झाकू नये. तिच्या पहिल्या नोकरीत आवाज होता आणि चेहरा नव्हता. दुसऱ्या नोकरीत चेहरा होता आणि आवाज नव्हता. तिसऱ्या वेळी जगाने दोन्ही मागितले, तेही परक्या भाषेत. आणि तिने शिकून ते दिले. माझ्या लेखी तिचे मोठेपण इथे आहे, पाच हजारांच्या पगारात नाही.

आणि आपल्याकडे एक काम उरते. १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते आपल्याच पुण्यात. मुंबईत निघालेल्या, लाहोर-कलकत्त्यात धावलेल्या चित्रपटांचे जे काही वाचले, त्याचा मोठा ठेवा आपल्या गावात आहे. तुमच्यापैकी कुणाच्या वाड्याच्या माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत, जुन्या थिएटरच्या खोलीत एखादे गाण्यांचे चोपडे, हस्तपत्रक, फोटो किंवा गंजलेला डबा असेल. या उन्हाळ्यात माळा झाडायला काढाल, तेव्हा रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी एकदा तो डबा उघडून पाहा, आणि शंका आली तर संग्रहालयात नेऊन दाखवा. शंभरांत नव्व्याण्णव वेळा काही निघणार नाही. पण एखाद्या तुकड्यात केळी विकणारी एक म्हातारी क्षणभर तुमच्याकडे पाहून हसली, तर तिला ओळखा. ती आपल्या गावची आहे.